गाडी नसू दे, हात बसलेला असू दे

प्रिय,

तुझा लांबलचक मेसेज परवा रात्री वाचला. लगेच उत्तर दिलं असतं तर चिडून दिलं असतं, म्हणून फोन उलटा ठेवून झोपले. आज लिहितेय, आणि पत्रच लिहितेय कारण हे चार ओळींत बसणार नाही.

तू विचारलंयस, मावशी, आताच्या काळात लायसन्स खरंच लागतं का? आणि खाली का लागत नाही त्याची सहा कारणं दिलीयस. मेट्रो आहे, बस आहे, फोनवरून गाडी बोलावता येते, पार्किंगला जागा नाही, गाड्यांनी हवेची वाट लावलीय, आणि दहा वर्षांत गाड्या आपल्या आपणच चालणार आहेत. कारणं नीट आहेत, एकही खोटं नाही. मग अगदी शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखी एक ओळ, की टेस्टच्या दिवशी चढावर गाडी तीनदा बंद पडली, मागचे हॉर्न मारत होते आणि परीक्षक म्हणाले पुरे आता, उतरा.

अगं, तुझा मेसेज तर तेवढाच आहे. बाकीची सहा कारणं तू त्या दिवसानंतर जमवलीयस. मला ओळखू येतं, कारण मी पण जमवत होते, सतरा वर्षं.

तुझं जे बरोबर आहे ते आधी सांगून टाकते म्हणजे त्यावर वाद नको. गाडी घेऊ नकोस. मनापासून सांगतेय. दिवसातले बहुतेक तास नुसती उभी राहणारी एवढी मोठी वस्तू, तिचे हप्ते, तिचा विमा, तिच्यासाठी जागा शोधणं, हे सगळं तेविसाव्या वर्षी गळ्यात बांधून घ्यायची काही गरज नाही. मेट्रोने जा, चालत जा, सायकल आहेच तुझी. आणि असा विचार करणारी तू एकटी नाहीस. अमेरिकेसारख्या देशात, जिथे गाडीशिवाय पान हलत नाही असं आपण समजतो, तिथे १९८३ मध्ये सोळा वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण ४६ जणांकडे लायसन्स होतं, आणि २०१४ पर्यंत तो आकडा २५ च्या आसपास आला होता. म्हणजे हे तुझ्या पिढीचं काहीतरी आहे, आळस वगैरे नाही, हे मी तुझ्या आईलाही सांगितलंय.

पण गाडी नसणं आणि गाडी चालवता न येणं या दोन गोष्टी तू एकाच पिशवीत घातल्यास, आणि माझी चिडचिड तिथे होते. गाडी नसू दे, हात बसलेला असू दे. हे वाक्य मी या पत्रात परत परत लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

तू मला नेहमी चालवतानाच पाहिलंयस, त्यामुळे तुला वाटतं की मी कायम अशीच होते. नव्हते. मला लायसन्स एकोणिसाव्या वर्षी मिळालं, वडिलांनी मागे लागून काढायला लावलं, पहिल्याच टेस्टमध्ये पास झाले, एकदाही गाडी बंद पडली नाही. मग ते कार्ड पर्समध्ये गेलं. पुढे लग्न झालं, नवरा चांगला चालवायचा, त्याला आवडायचं पण, आणि मी शेजारच्या सीटवर बसायला लागले. आधी सवय मोडली, मग धीर मोडला, मग मी कारणं जमवायला लागले. मुलं लहान आहेत, ट्रॅफिक वाढलंय, तो आहे ना, कशाला उगीच. लायसन्सची मुदत संपली की मी वेळेवर रिन्यू करून आणायचे, फोटो नवा, सही नवी, आणि त्या सगळ्या वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नाही. कायद्याच्या दृष्टीने मी चालक होते गं! प्रत्यक्षात मी सामान होते.

मग ती संध्याकाळ. मी तेव्हा चाळिशीच्या अलीकडे. आम्ही चौघं लांबून परत येत होतो, मुलं मागे झोपलेली, उजेड कमी होत चाललेला. ह्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, मला डावीकडचं दिसत नाहीये. त्याला अर्धशिशीचा त्रास होता हे मला माहीत होतं, पण त्यात कधीकधी डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेघा येतात आणि नजरेचा एक भागच काही वेळ गायब होतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं, त्याला पहिल्यांदाच असं झालं होतं. घर ३८ किलोमीटर. तो माझ्याकडे बघून म्हणाला, तू घेशील? माझ्या पर्समध्ये चालू मुदतीचं लायसन्स होतं. मी म्हणाले, मला नाही जमणार.

मग त्याने चालवली. हे मी फार कमी लोकांना सांगितलंय. डावीकडचं न दिसणाऱ्या माणसाला मी गाडी चालवू दिली, मागे दोन मुलं असताना, कारण मला जमत नव्हतं आणि तिथे अंधारात थांबायची मला भीती वाटत होती. तो म्हणाला तू नुसतं सांगत राहा. मी सांगत राहिले. कड जवळ आली, खड्डा आहे, आता सरळ. आणि एका वळणावर डावीकडे एक सायकलवाला होता, दिवा नसलेला, आणि मी सांगायला उशीर केला. मी ओरडले, ह्याने स्टिअरिंग ओढलं, गाडी त्या माणसाच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेली असेल. त्याला कळलंही नसेल बहुतेक. तो तसाच पाय मारत गेला.

आम्ही घरी पोचलो. काही झालं नाही. सगळे म्हणतात ना, जाऊ दे, काही झालं तर नाही. मला हे वाक्य आजही ऐकवत नाही. काय होऊ शकलं असतं ते मी पाहिलंय, वीतभर अंतरावरून पाहिलंय, आणि ते ह्याच्या डोळ्यांमुळे झालं असतं असं कुणी म्हटलं असतं तरी ते माझ्या हातांमुळे झालं असतं. थांबायला हवं होतं आम्ही, तासाभराने त्याची नजर बहुधा परत आली असती, मग डोकं दुखलं असतं, उलट्या झाल्या असत्या, रात्र तिथे गेली असती, चालेल. पण ते आज कळतं. त्या वेळी माझ्याकडे दोनच रस्ते होते आणि दोन्ही वाईट होते, कारण तिसरा रस्ता मी सतरा वर्षं पर्समध्ये बंद करून ठेवला होता.

म्हणून जेव्हा तू लिहितेस की "मला कुठेही जायचं असेल तर मी गाडी बोलावू शकते", तेव्हा मला वाटतं हिला प्रश्नच कळलेला नाही. तुला कुठे जायचंय त्याच्यासाठी नकोच आहे लायसन्स. दुसऱ्या कुणाला तरी अचानक चालवता येईनासं होतं त्या दिवसासाठी हवंय. मैत्रिणीचा हात मोडला, ऑफिसच्या ट्रिपला ज्याने चालवायची ठरलेली त्याने दोन पेग घेतले, आईला परतीच्या वाटेवर झोप आवरेना. या प्रत्येक वेळी गाडी तिथे हजर असते बघ! किल्ली हजर असते. कमी असतो तो एक हात.

आता लायसन्स लायसन्स सगळे करतात, त्या कागदाचं पण सांगते, मला हे नंतर वाचून कळलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. जर्मनीत कार्ल बेंझने मोटारगाडी बनवली आणि ती रस्त्यावर चालवायची लेखी परवानगी त्याला १ ऑगस्ट १८८८ ला सरकारी कचेरीतून मिळाली, जगातलं पहिलं ड्रायव्हिंग लायसन्स म्हणून त्याच कागदाचं नाव घेतात. आणि त्याच महिन्यात त्याची बायको बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मोठ्या मुलांना घेऊन ती गाडी मॅनहाइमहून फोर्झहाइमला तिच्या आईकडे घेऊन गेली. शंभरएक किलोमीटर. त्याआधी एवढ्या लांब कुणीच गेलं नव्हतं. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तिने हॅटच्या पिनेने साफ केली. एका वायरचं आवरण गेलं तर मोजे अडकवायचा पट्टा वापरला. इंधन संपलं तर वीसलोख नावाच्या गावी औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचं द्रावण घेतलं, कपड्यांचे डाग काढायला विकायचे ते. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं, आणि ब्रेक लायनिंगची सुरुवात तिथून झाली असं मानतात. कागद कार्लच्या नावावर होता. हात बर्थाचा होता. माझ्या घरी सतरा वर्षं नेमकं उलटं होतं, कागद माझ्याही नावावर आणि हात एकाचाच.

ब्रिटनमध्ये १९०४ पासून लायसन्स लागायला लागलं पण टेस्ट सक्तीची झाली १९३५ मध्ये, म्हणजे एकतीस वर्षं नुसते पैसे भरले की कागद मिळायचा. लोकांना शेवटी कळलं की कागदाने गाडी थांबत नाही. न्यूझीलंडने १९८७ मध्ये आणखी पुढचं केलं, टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं. आधी शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण, आणि मधल्या टप्प्यावर शेजारी अनुभवी माणूस नसेल तर रात्री दहा ते पहाटे पाच चालवायचं नाही, दोस्तमंडळी भरून न्यायची नाहीत. मला ही पद्धत फार पटते. टेस्ट पास झालीस म्हणजे शिकायची परवानगी मिळाली, एवढंच समज. माझ्यासारखं पास झाले, झालं, कार्ड पर्समध्ये, असं करायचं असेल तर खरंच काढू नकोस, त्याने फक्त खोटा धीर येतो.

आता तुझं ते आपोआप चालणाऱ्या गाड्यांचं. त्या आहेत, मी नाही म्हणत नाही. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात २०२० पासून सामान्य लोक ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सीत बसतात, पुढची सीट रिकामी, स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय. पण त्या टॅक्स्या आखून दिलेल्या भागात चालतात. विकत मिळणाऱ्या गाड्यांचं वेगळं आहे. इंजिनिअर लोकांनी शून्य ते पाच अशा पायऱ्या केल्यात, आणि त्यातली तिसरी पायरी नीट समजून घे. तिसऱ्या पायरीवर गाडी स्वतः चालते, पण तिला जमेना झालं की ती माणसाला सांगते, आता तू घे. म्हणजे सोपं सोपं सगळं तिने करायचं आणि अवघड क्षण आला की तुझ्या हातात द्यायचं! सांग मला, तेव्हा कुठला हात लागेल? रोज चालवणाऱ्याचाही हात अशा गाडीत गंजेल ही मला काळजी वाटते, तिथे ज्याचा कधी बसलाच नाही त्याचं काय. पाचवी पायरी आली, कुठेही, कुठल्याही हवेत, कुठल्याही रस्त्यावर, स्टिअरिंगच नसलेली गाडी आली, तर मी स्वतः तुला म्हणेन की विसर सगळं. पण तू आज तेवीस वर्षांची आहेस आणि तुझी आई आज अठ्ठावन्न. तिला लागेल ती रात्र पाचव्या पायरीची वाट बघत थांबणार नाही.

तू म्हणालीस गाड्या कमी व्हायला हव्यात म्हणून शिकत नाही. मला हे पटायला हवं होतं, पटलं नाही. तुला कुणीतरी सोडायला येतं तेव्हा काय होतं बघ. तुला सोडून गाडी रिकामी परत जाते, न्यायला परत रिकामी येते. एका माणसाच्या एका कामाला चार फेऱ्या. ज्याला चालवता येतं तो वर्षातून पाच दिवस गाडी भाड्याने घेतो, मित्राची घेतो, काम झालं की परत देतो आणि उरलेले ३६० दिवस मेट्रोने जातो. ज्याला येत नाही तो कधीतरी कंटाळून गाडीही घेतो आणि ड्रायव्हरही ठेवतो. गाडीशिवाय राहायचं असेल तर, माझं ऐक, चालवता यायलाच हवं.

आणि भीती. तू तो शब्द वापरला नाहीस, मी वापरते. भीती वाटायलाच हवी गं, भीती न वाटणारी माणसं मला गाडीत नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२१ मध्ये जगात रस्त्यावर जवळपास ११ लाख ९० हजार माणसं गेली, आणि ५ ते २९ या वयातल्या मुलांच्या आणि तरुणांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच आहे, कुठला आजार नाही. गेलेल्यांत निम्म्याहून जास्त लोक पायी चालणारे, सायकलवाले आणि दुचाकीवाले. मी हा आकडा वाचते तेव्हा मला माझा तो सायकलवाला दिसतो, दरवेळी. पण एक सांग, न शिकल्याने तू या आकड्यातून बाहेर पडतेस का? तू सायकल चालवतेस. ट्रकच्या ड्रायव्हरला त्याच्या कुठल्या बाजूचं दिसत नाही हे तुला माहितेय? ताशी साठच्या वेगाला गाडी एका सेकंदात सतरा मीटरच्या आसपास जाते, म्हणजे ड्रायव्हरने दोन सेकंद फोनकडे बघितलं तर तेहेतीस मीटर गाडी गेली आणि रस्त्याकडे कुणी बघतच नव्हतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. हे पुस्तकात वाचून कळत नाही, पायाला कळावं लागतं. मी चालवायला लागल्यावर रस्ता ओलांडायची माझी पद्धतच बदलली. भाड्याच्या गाडीत मागे बसले तरी ड्रायव्हर पेंगतोय हे मला आता त्याच्या ब्रेकवरून कळतं, आणि मी थांबवते, चहा प्या म्हणते, आणि त्याने नाही ऐकलं तर उतरते. आधी मी नुसती खिडकीतून बाहेर बघत बसायचे.

ज्यांना डोळ्यांमुळे किंवा फिट्समुळे चालवताच येत नाही त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये हे तुला माहीत आहे. माझी एक जवळची मैत्रीण तशी आहे, तिचं आयुष्य माझ्यापेक्षा मोकळं आहे. तिने सगळं आधी आखलेलं असतं, कुणाला फोन करायचा, कुठे थांबायचं. तुझं तसं नाही. तुझी गाडी चढावर बंद पडली, बस.

तर त्या चढाचं. तुला कुणी नीट सांगितलंच नाही असं दिसतंय. चढावर गाडी थांबली की हँडब्रेक ओढ आणि दोन्ही पाय शांत कर. क्लच पूर्ण दाब, पहिला गिअर टाक. मग क्लच सोडायला लाग, हळू, अगदी हळू, एका जागी इंजिनचा आवाज जड होईल आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटेल. हाफ क्लच म्हणतात तो हाच. तिथे पाय थांबव. थांबवच. सगळे इथेच घाबरून पाय उचलतात आणि गाडी बंद पडते, तुझी तिन्ही वेळा इथेच पडली असणार. पाय तिथे धरून थोडा ॲक्सिलरेटर दे, आणि मग हँडब्रेक खाली कर. गाडी मागे जाणार नाही, ती वर जायला तयार होऊन उभी आहे. मागचा हॉर्न मारतोय ना, मारू दे, त्याचे चार सेकंद गेले. एका रिकाम्या चढावर हे चाळीस वेळा कर. वीस नाही, चाळीस. मी एकेचाळिसाव्या वर्षी परत शिकले तेव्हा साठ वेळा केलं होतं, पोटरीत गोळे आले होते.

ऑटोमॅटिक शिकू का असं पण विचारलंयस. शिक की, काही कमीपणा नाही, पण ब्रिटनसारख्या काही देशांत ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर गिअरची गाडी चालवायची परवानगी मिळत नाही. आणि त्या रात्री समोर कुठली गाडी उभी असेल ते तू ठरवणार नाहीस. म्हणून आधी गिअरची. बाहेर शिकायला जायचं म्हणतेयस ना, तर हेही लक्षात ठेव की परदेशात गाडी चालवायचं इंटरनॅशनल परमिट घरचं लायसन्स असेल तरच मिळतं आणि ते सोबत असेल तरच चालतं. इथून हात बसवून गेलेलं बरं, नव्या भाषेत, नव्या रस्त्यावर, एकटीने पहिल्यापासून सुरू करण्यापेक्षा.

तुझी आई म्हणते मी तुझ्या मागे लागते. लागते. मी सगळ्यांच्याच मागे लागते हे पण खरं आहे, आणि त्याची किंमत मी मोजलीय. माझा नियम तुला माहितेय, तीन तासांपेक्षा लांबचा प्रवास असेल तर गाडीत हात बसलेले दोघं हवेत, नाहीतर मी निघत नाही. दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाला जायचं होतं, हा आधीच पुढे गेला होता, आणि मला आदल्या रात्री ताप. माझी दुसरी बहीण म्हणाली, अगं तू थकलीस तर माझे मिस्टर घेतील, त्यांच्याकडे आहे की लायसन्स. त्यांनी नऊ वर्षं गाडी चालवलेली नाही. मी म्हणाले आपण ट्रेनने जाऊ. ट्रेन उशिरा पोचली, मुहूर्त चुकला, बहीण माझ्याशी आता कामापुरतं बोलते. तिचं म्हणणं की माझ्या हट्टापायी तिच्या सख्ख्या भाच्याच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहिल्या. तो माझाही भाचा होता! मला वाईट वाटत नाही असं नाही, खूप वाटतं, पण तीच रात्र परत आली तर मी परत ट्रेनच धरेन. नऊ वर्षं पर्समध्ये, खिशात ठेवलेलं लायसन्स काय असतं ते तिला माहीत नाही, मला माहितेय.

मुलाचंही असंच. अठरा झाल्याबरोबर मी त्याला शिकायला लावलं, त्याला नको होतं, तिसऱ्या वेळी पास झाला. आज त्याच्याकडे गाडी नाही, तो कधी चालवतही नाही, पण घरी आला की मी त्याला तासभर गाडी चालवायला लावते, हात जाऊ नये म्हणून. तो चालवतो. चालवताना माझ्याशी बोलत नाही, जबडा आवळून सरळ समोर बघतो. एकदा म्हणाला, आई, ती तुझी संध्याकाळ आहे, माझी नाही. मागच्या सीटवर झोपलेला तोच होता ना. मी त्याला उत्तर दिलं नाही. कदाचित माझी भीती मी त्याच्या हातात कोंबली असेल, हा विचार येतो मला, रात्री येतो. पण मग वाटतं की तो रागावलेला असला तरी त्याला चालवता येतं. ते मी घेतलं आणि राग पदरात घेतला, आणि मला वाटतं मी बरोबर केलं. वाटतं म्हणजे, मला तसं वाटून घ्यावंच लागतं.

ह्याच्याबद्दल पण विचारतात लोक. मी परत शिकल्यावर त्याला थोडं लागलं होतं. त्याच्यावर भरवसा उरला नाही असं त्याला वाटलं. अजूनही किल्ली माझ्या हातात देताना तो एक क्षण थांबतो. पण आता निम्मं अंतर तो आणि निम्मं मी, आणि डोळ्यांसमोर रेघा यायला लागल्या की तो गाडी बाजूला घेतो, काही न बोलता उतरतो आणि शेजारी येऊन बसतो. असं आत्तापर्यंत दोनदा झालंय.

सौदी अरेबियात २४ जून २०१८ पर्यंत बायकांना गाडी चालवायची परवानगीच नव्हती. ती मिळाली त्या मध्यरात्री बारा वाजताच बायका गाड्या घेऊन रस्त्यावर आल्या, मी बातम्यांत बघत होते आणि रडत होते. त्यातल्या कितीतरी जणींच्या घरी पगारी ड्रायव्हर होता. त्यांना कुठे जायला गाडी मिळत नव्हती अशातला भाग नव्हता. तू म्हणशील त्याचा माझ्याशी काय संबंध, मला तर परवानगी आहे. तेच तर म्हणतेय. तुला आहे.

आता मला जास्त समजवायचं नाहीये. गाडी नसू दे, हात बसलेला असू दे, शेवटचं लिहितेय. टेस्टची पुढची तारीख तू अजून घेतलेली नाहीस हे आईने सांगितलं. आधी तारीख घे, मग सराव, उलटं केलंस तर सराव संपतच नाही, मला अनुभव आहे. आणि येत्या रविवारी पहाटे सहाला मी गाडी घेऊन तुझ्या दारात येते. तो टेकडीकडचा चढ त्या वेळी रिकामा असतो. मी शेजारी बसेन आणि बोलणार नाही, हे माझ्यासाठी अवघड आहे पण करेन. ते जाड सोलचे बूट घालून येऊ नकोस, त्यात क्लच कळत नाही. पातळ तळाचे, बंद, पायाला घट्ट बसणारे घाल. चष्मा विसरू नकोस. लर्निंग लायसन्स बरोबर घे.

तुझी,
मावशी